मोंगोडम्प आणि मोंगोरिस्टोअर: घेणारा चोख, परत देणारा हट्टी

मोंगोडीबी या डेटाबेसचा बॅकअप घेणाऱ्या मोंगोडम्पला पाचपैकी साडेचार तारे, तो बॅकअप परत भरणाऱ्या मोंगोरिस्टोअरला तीन. दोघं एकाच पॅकेजमधून येतात, पण स्वभाव इतका वेगळा की एकत्र मार्क दिले तर एकावर अन्याय होतो आणि दुसऱ्याचं फावतं.

मी लहान-मध्यम टीम्सचे सर्व्हर सांभाळते. डेटा बहुतेकांचा मोंगोडीबीत, बजेट बेताचं, आणि बॅकअपचा विषय निघाला की सगळ्यांची मान माझ्याकडे वळते. त्यामुळे कमांड लाइनवरची ही जोडी माझ्या रोजच्या वापरातली. चकचकीत डॅशबोर्ड, बटण दाबलं की बॅकअप, असलं काही हवं असेल तर हे परीक्षण तुमच्यासाठी नाही. काळ्या खिडकीत कमांड मारून, क्रॉनला (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय) लावून, सकाळी लॉग बघणाऱ्यांसाठी आहे.

इन्स्टॉल करण्यापासून सुरुवात करू, कारण नवखे लोक इथेच अडखळतात. पूर्वी ही टूल्स सर्व्हरसोबतच यायची. २०२० मध्ये ४.४ आवृत्ती आली तेव्हापासून ती ‘डेटाबेस टूल्स’ नावाने वेगळी मिळतात आणि त्यांचे आवृत्ती क्रमांक थेट १०० पासून सुरू होतात. सर्व्हर ७ चा आहे म्हणून टूलही ७ चं शोधत बसू नका, तसं काही नसतं. ती गो भाषेत लिहिलेली आहेत, आणि बायनरी (चालवायची तयार फाइल) उचलून तशाच ओएसच्या दुसऱ्या मशीनवर टाकली तर सहसा चालते. लायसन्स अपाचे २.०, म्हणजे २०१८ मध्ये सर्व्हरचं लायसन्स बदललं त्याचा यांच्याशी संबंध नाही. बास, इन्स्टॉलेशनबद्दल यापेक्षा जास्त बोलण्यासारखं नाही.

आता मोंगोडम्प. काहीही पर्याय न देता नुसतं नाव टाइप करून एंटर मारलं तर तो त्याच मशीनवरच्या २७०१७ पोर्टला जोडून घेतो आणि तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथे ‘डम्प’ नावाचं फोल्डर तयार करतो. आत प्रत्येक डेटाबेसचं एक फोल्डर, त्यात प्रत्येक कलेक्शनच्या (एका प्रकारच्या नोंदींचा गठ्ठा) दोन फाइल्स. एक बीसन फाइल, म्हणजे खरा डेटा. दुसरी मेटाडेटाची जेसन फाइल, म्हणजे कलेक्शनच्या सेटिंग्ज आणि इंडेक्सच्या (नोंदी पटकन शोधण्यासाठीची सूची) व्याख्या. बस्स. उघडून बघितलं तर कळतं, कुठे काय ठेवलंय यात लपवाछपवी नाही. बीसन बायनरी असल्यामुळे एडिटरमध्ये कचरा दिसतो, पण त्याच पॅकेजमध्ये बीसनडम्प नावाचं छोटं टूल आहे, ते तीच फाइल जेसनमध्ये ओतून दाखवतं. बॅकअपमध्ये अमुक एक नोंद आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर सगळं रिस्टोअर करायची गरज नाही. बीसनडम्प चालवा आणि ग्रेप (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) लावा. हे टूल लोकांना माहीतच नसतं. साडेचार ताऱ्यांमधला अर्धा तारा खरं तर याचा.

काय घेतलं जात नाही हेही सांगते. ‘लोकल’ हा सर्व्हरचा स्वतःपुरता डेटाबेस तो वगळतो, ते योग्यच आहे. इंडेक्सचा डेटा घेत नाही, फक्त व्याख्या घेतो. म्हणून डम्पचा आकार बघून लोक खूश होतात, आणि रिस्टोअरच्या वेळी त्याची किंमत मोजतात. त्यावर पुढे येते. तिसरी गोष्ट जास्त टोचणारी: एकाच डेटाबेसचा डम्प घेतला तर त्या डेटाबेसचे युजर त्यात येत नाहीत, कारण ते ‘अ‍ॅडमिन’ डेटाबेसमध्ये राहतात. नव्या सर्व्हरवर सगळा डेटा आला, आकडे जुळले, आणि अ‍ॅप मात्र लॉगिनलाच नाही म्हणतंय, हा प्रकार इथून होतो. त्यासाठी युजर आणि रोल्स सोबत घेण्याचा वेगळा पर्याय आहे, तो डम्पलाही द्यावा लागतो आणि रिस्टोअरलाही.

माझी आवडती जोडगोळी म्हणजे --आर्काइव्ह आणि --गझिप. शंभर कलेक्शन्सच्या दोनशे फाइल्स सांभाळण्यापेक्षा एकच दाबलेली फाइल बरी. आणि आर्काइव्हला फाइलचं नाव दिलंच नाही तर तो सगळा प्रवाह सरळ बाहेर सोडतो. म्हणजे पाइप लावून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडून) एसएसएचमधून (सुरक्षित जोडणीतून) दुसऱ्या मशीनवर पाठवता येतो, किंवा थेट मोंगोरिस्टोअरच्या तोंडात देता येतो, मधे डिस्कवर एक बाइटही न लिहिता. डिस्क भरत आलेल्या सर्व्हरवरून डेटा हलवायचा असतो तेव्हा या सोयीची खरी किंमत कळते. फक्त पाइप लावलात तर स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (मधली कमांड फसली तरी चूक कळवणारं सेटिंग) चालू ठेवा. नाहीतर डम्प अर्ध्यात मेला तरी शेवटची कमांड नीट संपली म्हणून शेल सगळं आलबेल आहे असं सांगून मोकळी होते.

गझिपची एक खोड आहे. डम्प घेताना गझिप दिला असेल तर रिस्टोअर करतानाही आठवणीने द्यावा लागतो. टूल स्वतःहून ओळखत नाही. आर्काइव्ह असेल तर निदान ‘हे मोंगोडम्पचं आर्काइव्ह दिसत नाही’ असं खडसावतो. फोल्डर असेल तर प्रत्येक फाइलपुढे ‘या फाइलचं काय करायचं माहीत नाही, सोडून देतोय’ असं लिहीत पुढे जातो आणि शेवटी ० नोंदी रिस्टोअर झाल्या, ० नोंदी अपयशी ठरल्या असा शांत हिशेब देतो. अपयशी शून्य! फाइलचं शेपूट बघून कळण्यासारखी गोष्ट आहे ही.

पासवर्डचं आता बरं झालंय. पूर्वी लोक कमांडमध्येच पासवर्ड लिहायचे आणि मशीनवर लॉगिन असलेला कुणीही प्रोसेसची यादी काढून तो वाचू शकायचा. १००.३ पासून --कॉन्फिग देता येतं: एका छोट्या यॅमल फाइलमध्ये पासवर्ड किंवा पूर्ण कनेक्शन यूआरआय ठेवायचा आणि ती फाइल फक्त त्या एका युजरला वाचता येईल अशी करायची. बॅकअपसाठी ‘बॅकअप’ नावाचा तयार रोल आहे, परत टाकण्यासाठी ‘रिस्टोअर’ नावाचा. रात्रीच्या क्रॉनला अ‍ॅडमिनच्या किल्ल्या देऊ नका, ‘बॅकअप’ रोल पुरतो. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगो डेटाबेस कुणीतरी पुसून टाकले आणि आत खंडणीची चिठ्ठी ठेवली. त्याच वर्षी आलेल्या ३.६ पासून सर्व्हर मुळातच फक्त स्वतःच्या मशीनवर ऐकतो, बाहेरचं दार आपण उघडावं लागतं. पण ज्यांचे बॅकअप त्याच मशीनवर, त्याच युजरच्या हाताखाली आहेत, त्यांना या बदलाने फारसं काही मिळालेलं नाही.

मग अर्धा तारा का कापला? सुसंगतीसाठी. डम्प म्हणजे एका क्षणाचा फोटो असा लोकांचा समज असतो, तो चूक आहे. तो एकेक कलेक्शन वाचत जातो, आणि तोवर अ‍ॅप लिहीतच असतं. समजा ‘ऑर्डर’ रात्री दोनला वाचून झाल्या आणि ‘पेमेंट’ दोन वाजून वीस मिनिटांनी. मधल्या वेळात आलेल्या पेमेंटच्या नोंदी डम्पमध्ये आहेत, पण त्या ज्या ऑर्डरच्या आहेत त्या ऑर्डर नाहीत. रिस्टोअर केल्यावर हिशेब जुळवणाऱ्याला वेड लागायची वेळ.

यावर उपाय आहे: --ऑपलॉग. डम्प चालू असताना जे जे बदल झाले ते तो वेगळ्या फाइलमध्ये टिपून ठेवतो, आणि रिस्टोअरच्या वेळी --ऑपलॉगरिप्ले दिलं की ते बदल वरून लावले जातात. सगळा डेटा डम्प संपला त्या क्षणाला येऊन उभा राहतो. उत्तम सोय, पण अटींसह. रेप्लिका सेटच (त्याच डेटाच्या प्रती ठेवणारा सर्व्हरचा गट) हवा, सुटा सर्व्हर चालत नाही. (एकाच सर्व्हरचा रेप्लिका सेट करता येतो. लहान टीम्सना मी तेच करायला लावते.) आणि पूर्ण सर्व्हरचाच डम्प हवा, एका डेटाबेसपुरता ऑपलॉग मागितला तर टूल नाही म्हणतं. आता गंमत अशी की बहुतेक क्रॉन स्क्रिप्ट्स एकाच डेटाबेसचा डम्प घेतात. म्हणजे ज्यांना याची गरज, नेमके तेच बाहेर. हा पर्याय मुळात चालू असावा आणि नको असलेल्याने बंद करावा, असं माझं मत.

ऑपलॉगचा आणखी एक उपयोग आहे. कुणी दुपारी एखादं कलेक्शन उडवलं, तर ‘लोकल’मधला ऑपलॉग (सर्व्हरवरच्या बदलांची नोंदवही) वेगळा डम्प करून, कालच्या बॅकअपवर तो चढवता येतो आणि --ऑपलॉगलिमिट देऊन घातक कमांडच्या एक पाऊल आधी थांबता येतं. वेळ मात्र १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत द्यावी लागते. घाम फुटलेल्या माणसाकडून दहा अंकी आकडा अचूक मागणं हा छळ आहे, पण चालतं, आणि चाललं की पाया पडावंसं वाटतं. अर्थात कालपासूनचा ऑपलॉग अजून शिल्लक असेल तरच. तो ठरावीक आकाराचा असतो, भरला की जुनं गाळत जातो.

आता मोंगोरिस्टोअर. याचा मूळ स्वभाव एका वाक्यात: तो फक्त भर घालतो, बदलत नाही. हा पाहुणा घरात शिरतो, पण खुर्चीवर आधीच कुणी बसलेलं असेल तर त्याला ऊठ म्हणत नाही, मुकाट पुढे जातो. तोच आयडी असलेली नोंद आधीपासून असेल तर ‘ई११०००’ ही डुप्लिकेट कीची चूक लॉगमध्ये लिहितो, ‘चूक असूनही पुढे चालू’ म्हणतो आणि जुनी नोंद जशीच्या तशी ठेवतो. म्हणजे एखाद्या चुकीच्या अपडेटमुळे दहा हजार नोंदींतल्या किमती बिघडल्या आणि तुम्ही कालचा बॅकअप त्यावर रिस्टोअर केलात, तर बिघडलेल्या किमती बिघडलेल्याच राहतात. स्क्रीनवर धावपळ भरपूर, फरक शून्य.

त्यासाठी --ड्रॉप. कलेक्शन आधी उडवतो, मग बॅकअपमधून भरतो. पण जी कलेक्शन्स बॅकअपमध्ये आहेत तेवढीच उडवतो. बॅकअपनंतर तयार झालेली नवी कलेक्शन्स तशीच राहतात, त्यामुळे ‘कालच्यासारखं’ झालं असं म्हणता येत नाही. कालचं आणि आजचं यांचं मिश्रण होतं. आणि ड्रॉपनंतर मधेच नेटवर्क तुटलं तर? जुनं गेलेलं, नवं अर्धवट. विचारणा नाही, ‘खात्री आहे का’ नाही. कमांड लाइनवाल्यांना लाड नको असतात हे मला मान्य आहे, तरी चालू डेटाबेसवर ड्रॉप मारताना एक प्रश्न विचारायला हरकत नव्हती. --ड्रायरन (प्रत्यक्ष न करता नुसती तालीम) आहे, पण व्हर्बोज (सविस्तर माहितीचा पर्याय) न देता तो फारसं काही सांगत नाही.

म्हणून मी चालू डेटाबेसवर सरळ रिस्टोअर करतच नाही. --एनएसफ्रॉम आणि --एनएसटू ही दोन अक्षरशः सोन्यासारखी सोय आहे: बॅकअपमधला ‘शॉप.*’ रिस्टोअर करताना ‘शॉप_तपास.*’ या नावाने उतरवता येतो. शेजारी-शेजारी दोन डेटाबेस उभे राहतात, नोंदी मोजा, तुलना करा, हवं तेवढंच चालू डेटाबेसमध्ये उचलून न्या. एकच कलेक्शन हवं असेल तर --एनएसइन्क्लूड. जुनी डीबी आणि कलेक्शनची पद्धत अजून चालते, पण ती आता जुनाट ठरवली आहे अशी सूचना दरवेळी छापून येते. तारांकन वापरताना ते एकेरी अवतरणात टाका, नाहीतर शेल स्वतःच त्याचा अर्थ लावायला जाते.

आता एक प्रसंग, कारण तो कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही. लॉगिनच्या जुन्या नोंदी चौकशीसाठी हव्या होत्या. आमच्या टीममधल्या पोराने जुना बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर उतरवला, आकडा बरोबर आला, आणि थोड्या वेळाने तो माझ्या टेबलाशी.

“मॅडम, मघाशी सगळ्या नोंदी होत्या. आता निम्म्याही नाहीत. कुणी डिलीट करतंय का?”

“त्या कलेक्शनची मेटाडेटा फाइल उघड. एक्स्पायरआफ्टरसेकंड्स दिसतंय?”

“हो. ७७७६०००.”

“म्हणजे नव्वद दिवस. आणि आपण उतरवलाय कधीचा बॅकअप?”

तो काही बोलला नाही, हसला फक्त.

नव्वद दिवसांपेक्षा जुन्या नोंदी आपोआप पुसणारा टीटीएल इंडेक्स त्या कलेक्शनवर होता. रिस्टोअरने डेटा भरला आणि इमानेइतबारे इंडेक्सही बांधला. मग सर्व्हरचा सफाई कामगार, जो दर ६० सेकंदांनी फेरी मारतो, तो आला आणि नियमाप्रमाणे जुन्या नोंदी पुसायला लागला. कुणाचीच चूक नाही, प्रत्येकाने आपापलं काम केलं. अशा वेळी --नोइंडेक्सरिस्टोअर द्यायचं, किंवा सर्व्हरवर टीटीएल मॉनिटर बंद करून मग उतरवायचं. पण टूलला इंडेक्सची व्याख्या दिसत असते. ‘या कलेक्शनवर टीटीएल आहे, जपून’ एवढी एक ओळ छापली असती तर मी चौथा तारा दिला असता.

वेगाबद्दल. डम्प जेवढ्या वेळात होतो तेवढ्यात रिस्टोअर होईल असा हिशेब कधीही मॅनेजरला सांगू नका. डेटाची पट्टी १०० टक्क्यांवर पोचते, सगळे उसासा टाकतात, आणि मग इंडेक्स बांधणं सुरू होतं. त्याला मोठ्या कलेक्शनवर डेटा भरण्याहून जास्त वेळ लागू शकतो. शिवाय मूळ सेटिंगमध्ये तो एका वेळी चार कलेक्शन्स हाताळतो, पण प्रत्येक कलेक्शनला भरणारा कामगार एकच. तुमचा नव्वद टक्के डेटा एकाच अवाढव्य कलेक्शनमध्ये असेल (आणि तो तसाच असतो) तर बाकीचे तीन लवकर मोकळे होतात आणि एकटा राबत राहतो. प्रत्येक कलेक्शनमागे कामगार वाढवायचा पर्याय आहे, तो वाढवा. मशीनला झेपेल तेवढाच. रेप्लिका सेटवर बहुसंख्य सदस्यांनी लिहिल्याची पोच येईपर्यंत तो थांबतो, त्यामुळे तिथे आणखी सावकाश. हे मला चालतं. घाईत भरून नंतर गमावण्यापेक्षा बरं.

शेवटची ओळ मात्र त्याची सर्वात प्रामाणिक असते: इतक्या नोंदी यशस्वी, इतक्या अपयशी. ती ओळ मी स्क्रिप्टमधून वेगळी काढून आदल्या दिवशीच्या आकड्याशी ताडून बघते. गप्प बसणारे बॅकअप काय करतात याचं नावाजलेलं उदाहरण मोंगोचं नाही, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचं आहे. ३१ जानेवारी २०१७ ला कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबचा चालू डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा लक्षात आलं की रोजचा डम्प होतच नव्हता. सर्व्हर ९.६ चा, डम्प करणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे तो चालू होताच बंद पडायचा. आणि तसं कळवणाऱ्या ईमेल समोरच्या बाजूने नाकारल्या जायच्या. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं. सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) होता म्हणून निभावलं. तेव्हा मोंगोतही टूलची आवृत्ती ताजी ठेवा आणि नव्या सर्व्हरचा डम्प जुन्या सर्व्हरवर ओतायला जाऊ नका.

हे कुणी घेऊ नये? शार्ड केलेलं क्लस्टर (डेटा अनेक सर्व्हरवर वाटलेला) असेल तर या जोडीवर विसंबू नका; अनेक शार्डवर पसरलेले व्यवहार एकसंध धरून ठेवण्यासाठी ती बनलेली नाही. डेटा टेराबाइटमध्ये असेल तरीही नाही. डम्प म्हणजे सगळा डेटा सर्व्हरच्या मेमरीतून ओढून काढणं. त्यात अ‍ॅपला रोज लागणारा डेटा कॅशमधून बाहेर ढकलला जातो आणि रात्रीचा बॅकअप सकाळच्या युजर्सना जाणवतो. रेप्लिका सेट असेल तर निदान सेकंडरीवरून (प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) वाचायला सांगा. त्याहून मोठ्या कामाला डिस्कचे स्नॅपशॉट किंवा पर्कोनाचं मोंगोसाठीचं बॅकअप टूल बघा. आणि मोंगोएक्स्पोर्टला कुणी बॅकअप म्हणत असेल तर त्याला थांबवा. ते सीएसव्ही काढून अकाउंटवाल्यांना द्यायचं साधन आहे. इंडेक्स त्यात येत नाहीत, आणि फॉरमॅटकडे लक्ष दिलं नाही तर आकड्यांचे प्रकारही वाटेत बदलतात.

स्नॅपशॉटवर गेलेल्या टीम्समध्येही मी मोंगोडम्प पूर्ण काढून टाकलेला नाही. युजर, दरपत्रक, सेटिंग्ज अशी छोटी कलेक्शन्स रोज वेगळी डम्प होतात. काही एमबींचा मामला, मिनिटभरात संपतो. आणि दुपारी फोन येतो तो सहसा अख्खा डेटाबेस गेल्याचा नसतो, कुणीतरी सेटिंग्जमधली एक नोंद उडवल्याचा असतो. त्या एका नोंदीसाठी मोठा स्नॅपशॉट उभा करण्यापेक्षा बीसनडम्प आणि ग्रेप यांनी काम पटकन उरकतं.